स्टॉकहोममधील शाश्वत ऊर्जा अभियांत्रिकी : एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविज्ञान विद्यापीठातील शाश्वत ऊर्जा अभियांत्रिकीचा, इंग्रजीतून शिकवला जाणारा दोन वर्षांचा, १२० क्रेडिटांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उष्णतेच्या शास्त्राला जे महत्त्व देतो, ते ऊर्जा म्हणजे केवळ वीज असे मानणाऱ्या आपल्याकडील अभियंत्याला प्रथम अनपेक्षित वाटेल. परंतु ज्या शहरातील बहुसंख्य इमारती रस्त्यांखालच्या नळांतून येणाऱ्या गरम पाण्यावर उबदार राहतात आणि ज्या देशात १९९१ पासून कार्बन कर (कार्बन उत्सर्जनावरील कर) लागू आहे, तिथे उष्णतेला दुय्यम मानणे किंवा तंत्र आणि अर्थकारण यांची फारकत करून शिकवणे निरर्थकच ठरले असते. अखेरच्या ३० क्रेडिटांचा प्रबंध मला सर्वांत मोलाचा वाटतो. भारतातून जाणाऱ्यांना मात्र २०११ पासून शुल्क भरावे लागते. शिष्यवृत्तीवाचून हा मार्ग महागच आहे.