नाणेघाटची ब्राह्मी वाचन सहल: जरूर जा, फक्त टिपण सुधारायला हवं

बँकेत कॅशियर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे आकडा दिसला की माझी नजर आधी तिकडे जाते. नाणेघाटच्या लेण्यात मला सगळ्यात जास्त आनंद आकड्यांनीच दिला.

पुण्यातल्या एका छोट्या गटाची ही सहल. शनिवारी संध्याकाळी ब्राह्मी या प्राचीन लिपीचा वर्ग आणि रविवारी पहाटे निघून जुन्नरमार्गे नाणेघाट. प्रवास-जेवण धरून १,८०० रुपये.

वर्गात सरांनी अक्षरांचा तक्ता आधी दिलाच नाही. सांचीच्या दानलेखांचे ठसे समोर ठेवले आणि प्रत्येकाच्या शेवटी तीच अक्षरं का येतात ते शोधायला लावलं. 'दानं'! इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेपला १८३७ साली ब्राह्मीची किल्ली याच शब्दात सापडली होती. द, न आणि अनुस्वार हाती आल्यावर पुढची अक्षरं ओळखायला हुरूप येतो.

लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात, वर कोरलेली नावं मात्र आहेत. सरांनी बॅटरी भिंतीलगत तिरकी धरली आणि सपाट वाटणाऱ्या दगडातून अक्षरांच्या खाचा उठून आल्या. अडखळत वाचलं, 'राया सिमुक सातवाहनो'. घराण्याचा पहिला राजा! शेजारी 'देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो', म्हणजे राणी नागनिकेचं नाव आधी, सातकर्णीचं नंतर. याच रांगेत एक 'महारठि', म्हणजे स्थानिक सरदारही आहे. सरांनी तिथेच थांबून समजावलं, की स्थानिक महारठींशी सोयरीक आणि कोकणातल्या बंदरांवरून जुन्नर-पैठणला जाणारी व्यापाराची वाट, या दोन्हींच्या बळावर हे राज्य उभं राहिलं. यज्ञांचा एवढा मोठा लेख घाटाच्या तोंडाशी का कोरला, हे मला तेव्हा पटलं.

बाजूच्या भिंतींवरच्या या लेखात दोन अश्वमेध आहेत, राजसूय आहे आणि दक्षिणेचा चोख हिशेब आहे. २४,४०० कार्षापण (त्या काळची नाणी) ही रक्कम वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा तीन चिन्हांत लिहिली आहे, शून्याशिवाय. हजाराच्या चिन्हाला चार जोडला की चार हजार, शंभराच्या चिन्हाला जोडला की चारशे. मी तिथेच उभी राहून बेरीज केली आणि ती जुळल्यावर अंगावर काटा आला. दगड झिजलेल्या जागी सर सरळ सांगत, "इथलं वाचता येत नाही." पोकळी भरायला दंतकथा सांगितल्या नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

तक्रारी दोन. टिपणाची झेरॉक्स इतकी फिकट होती की नेमकी अंकांची पानंच वाचता येईनात. आणि माणसं जास्त घेतली होती, निम्मे लोक लेण्याबाहेर ताटकळले. शुल्क थोडं वाढवा, पण तुकड्या लहान करा.

पावसाळ्यात घाटात धुकं आणि गर्दी दोन्ही असतात. खरोखर वाचायचं असेल तर हिवाळ्यातली तारीख घ्या आणि स्वतःची बॅटरी न्या.