नऊ महिने सरकारी औषधयादी उशाशी: फार्माकॉलॉजीसाठी वापरल्यानंतरचा अनुभव

बी.एस्सी. नर्सिंगला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरमध्ये विभागलेली आहे. तिसऱ्यात मी काठावर पास झाले. पुस्तक वाचत नव्हते असं नाही, पण बीटा ब्लॉकर या औषधगटापर्यंत पोचेस्तोवर आधीच्या गटातले अल्फा ब्लॉकर पुसलेले असायचे. तेव्हा हॉस्टेलवरची एक सीनियर ताई म्हणाली, ‘राष्ट्रीय आवश्यक औषध यादी काढून घे, २०२२ची. आरोग्य मंत्रालयाची आहे, फुकट आहे.’ मी म्हटलं, यादी पाठ करून काय होणार? तर म्हणे, ‘पाठ करायचीच नाहीये.’

झेरॉक्सवाल्याकडून फक्त तक्त्यांची पानं काढली, तीही एका बाजूला छापून. मागची कोरी बाजू माझ्यासाठी. वर स्पायरल. ३८४ औषधं, २७ गट. प्रत्येक नावापुढे पी, एस, टी ही अक्षरं, म्हणजे प्राथमिक केंद्र, मधला दवाखाना की मोठं रुग्णालय, आणि मग गोळी की इंजेक्शन, किती मिलिग्रॅमचं. बस. औषध काम कसं करतं, दुष्परिणाम काय, डोस किती, काहीच नाही. पहिला आठवडा तर वाटलं, ताईनं कामाला लावलं आपल्याला.

यादीची गंमत कळली ती अ‍ॅट्रोपीनमुळे. भुलीच्या गटात अ‍ॅट्रोपीन, विषावरच्या उताऱ्यांत अ‍ॅट्रोपीन, डोळ्यांच्या औषधांतही अ‍ॅट्रोपीन. एकच बाई तीन घरी कामाला असावी तशी. मागच्या कोऱ्या पानावर मी लिहिलं: हिला तिन्हीकडे का बोलावतात? उत्तर एकच निघालं. अ‍ॅसिटिलकोलीन हे नसांचा निरोप नेणारं रसायन जिथे मस्कॅरिनिक रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेवर, बसायला जातं, ती जागा अ‍ॅट्रोपीन अडवतं. म्हणून लाळ आटते, नाडी वाढते, बाहुली मोठी होते. त्या महिन्यात मेडिसिन वॉर्डात फवारणीचं औषध पोटात गेलेला एक पेशंट होता. ऑर्गॅनोफॉस्फेट. अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइमच बंद पडलेलं, त्यामुळे तोंडाला फेस, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी टॉर्च घेऊन बाहुल्याच बघत बसले. स्टाफ सिस्टरनं टॉर्च काढून घेतला आणि स्टेथो दिला. ‘बाहुलीवर भागत नाही. छाती मोकळी झाली का ऐक, नाडी ८०च्या वर आहे का बघ, काखेत हात घाल, कोरडी झाली का.’ यादीत त्याच गटात प्रॅलिडॉक्सिमही आहे. ते का लागतं? स्नायूंवरचे रिसेप्टर दुसऱ्या जातीचे, निकोटिनिक, त्यांच्यावर अ‍ॅट्रोपीनचा काही इलाज चालत नाही, तिथे एन्झाइमच विषाच्या तावडीतून सोडवून घ्यावं लागतं, ते काम प्रॅलिडॉक्सिमचं. हा अख्खा धडा मला त्या एका पानानं दिला. पुस्तकात तो तीन वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेला होता.

पी-एस-टीचा कॉलम सुरुवातीला मी सोडूनच द्यायचे. ते चुकलंच. सर्पदंशाच्या लसीपुढे पी आहे, म्हणजे ती प्राथमिक केंद्रातच हवी. का, तर नाग किंवा मण्यार चावला की श्वासाचे स्नायू लुळे पडतात, जिल्ह्याच्या गावापर्यंत तेवढा वेळ हातात नसतो. आपली लस बहुगुणी, म्हणजे नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच. उलट कर्करोगाच्या बहुतेक औषधांपुढे नुसता टी. अक्षर बघायचं आणि ‘हे इथेच का’ विचारायचं, की रोग कसा वाढतो आणि किती वेळ देतो, हेही वाचावं लागतं.

सर्वात जास्त कामाला आली ती आत-बाहेरची यादी. पहिली यादी १९९६ची, मग २००३, २०११, २०१५. २०२२मध्ये ३४ औषधं आली, २६ गेली. पित्तावरचं रॅनिटिडीन गेलं, आमच्या घरी आजी ते चण्यासारखं खायची. अ‍ॅटेनोलॉल गेलं. आल्टेप्लेज गेलं आणि टेनेक्टेप्लेज आलं, दोन्ही रक्ताची गुठळी विरघळवणारी. हार्ट अटॅकमध्ये पहिल्याला बोलस, म्हणजे एका दमात शिरेत दिलेला डोस, देऊन वर तासा-दीड तासाचं इन्फ्युजन, दुसरं रक्तात जास्त वेळ टिकतं म्हणून वजनाप्रमाणे एकच बोलस. हाफ लाइफ, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, ही कल्पना मी दोन वर्षं व्याख्या म्हणून घोकत होते. इथे ती सिरिंज पंप लावायचा की नाही इथपर्यंत आली.

ग्लार्जिन इन्सुलिनही त्याच वेळी यादीत आलं. आमच्या डोक्यात एक समीकरण पक्कं होतं: पारदर्शक म्हणजे झटपट, दुधट म्हणजे सावकाश. ग्लार्जिन पारदर्शक असूनही दिवसभर चालतं. बाटलीत ते आम्लधर्मी असतं, कातडीखाली गेलं की साका धरतं आणि त्या साक्यातून हळूहळू सुटतं. म्हणूनच ते दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये ओढायचं नाही. हे मी पानावर लाल पेनानं लिहिलंय, कारण एकदा मी ओढायच्या बेतात होते. हात सिस्टरनं धरला.

आता त्रास सांगते. यादीत सगळी मूळ नावं, केस पेपरवर सगळी ब्रँडची, तीही डॉक्टरी अक्षरात. पहिले दोन महिने ड्रग ट्रॉलीवरच्या स्ट्रिपा पालथ्या करून बारीक अक्षरातली मूळ नावं वाचण्यात गेले. डोळ्यांवर ताण येतो पण सवय भारी लागते. दुसरं, ताकद छापलेली असते तिला डोस समजू नका. मेथोट्रेक्सेटच्या गोळीची ताकद दिसते, पण संधिवातात ती आठवड्यातून एकदाच द्यायची असते हे यादी सांगत नाही. रोज दिली तर पेशंटच्या रक्तपेशींचं उत्पादनच बसतं. आणि परीक्षेत ‘वर्गीकरण लिहा’ आलं की यादीचे गट उपयोगाचे नाहीत, तिथे पुस्तकाचेच लिहावे लागतात. चौथ्या सेमिस्टरला या एका प्रश्नानं माझे मार्क खाल्ले.

एक जाता जाता. यादीतल्या औषधांच्या कमाल किमती सरकार ठरवतं, २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली. वॉर्डात नातेवाईक ‘सिस्टर, एवढंच महाग का?’ विचारतात, तेव्हा निदान दोन शब्द बोलता येतात.

पाचपैकी चार. नुसती यादी घेऊन बसणार असाल तर दोनच. पुस्तक उघडं हवं आणि मागचं पान कोरं हवं. माझ्या प्रतीत अजून मानसिक आजारांचा गट जवळजवळ कोरा आहे, ते पोस्टिंग पुढच्या महिन्यात लागलंय. विषावरच्या उताऱ्यांचं पान मात्र निखळून आलं, चिकटपट्टीनं दोनदा लावलं. छापून घेताना ते एक पान जाड कागदावर घ्या.