गिटार अँपची घूं घूं आणि रत्नागिरीतले रिपेअरवाले काका

माझा २० वॅटचा सेकंडहँड गिटार अँप (अँप्लिफायर) आहे, त्यात गेल्या पावसाळ्यापासून घूंऽऽ सुरू झालं, वर नॉब फिरवला की खर्रर्र खर्रर्र, पापड मोडल्यासारखं. पूजेच्या ऑर्केस्ट्राला निवेदक बोलायला उभा राहिला की मागे आपला भुंगा चालूच. आधी एका ठिकाणी दाखवला, नाव नाही घेत, त्यांनी मागचं झाकणसुद्धा न उघडता "आख्खं किट बदलायला लागेल, साडेतीन हजार" सांगून टाकलं. मग एका तबलेवाल्याने मारुती मंदिरच्या बाजूच्या गल्लीतल्या या काकांकडे पाठवलं. दुकानाला धड बोर्ड नाही, दारात मिक्सर आणि भजनी मंडळांचे साउंड रचलेले, म्हटलं यांना गिटारचं काय कळणार.

काकांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी विचारलं, "केबल काढलीस तर आवाज राहतो? व्हॉल्यूम शून्यावर?" मी कधी बघितलंच नव्हतं. केबल काढली, व्हॉल्यूम शून्य केला, तरी बारीक हम, म्हणजे तीच घूं, राहिलीच. मग म्हणाले गिटारच्या जाड तारेचा तिसरा फ्रेट वाजव. तो जी (G) सूर, ९८ हर्ट्झ. हम त्याच्याशी जवळजवळ जुळत होता, किंचित चढा. काका म्हणाले हा १०० चा आहे, पॉवर सप्लायचा, एसीचं डीसी झाल्यावर जो उरतो तो, फिल्टरचे कपॅसिटर गेलेत. हाच खालच्या सप्तकात ऐकू आला असता तर ५० चा, म्हणजे सरळ लाइनचा, तो अर्थिंगमधून किंवा गिटारच्या तारांखालच्या पिकअपमधून येतो. अगदी काटेकोर नसतं हे पण अंदाज येतो. यूट्यूबवाले ६० आणि १२० सांगतात ते अमेरिकेच्या लाइनचं, आपल्याकडे ५०. इतकी वर्षं गिटार वाजवतोय आणि हमला सूर असतो हे मला मिक्सर दुरुस्त करणाऱ्या माणसाने सांगावं!

उघडल्यावर दोन कपॅसिटर खरंच डोक्यावर फुगलेले. इनपुट जॅकच्या पितळेवर हिरवा कळंक, तांब्याला चढतो तसा, आमचं घर पावस गावात खाडीच्या बाजूला, खारी हवा काही सोडत नाही. बांबूची काडी घेऊन एकेक पार्ट हळू टकटक करत गेले, एका ठिकाणी स्पीकर फाटकन वाजला, तिथलं सोल्डर सुटलेलं. नॉबमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पन्नासेक वेळा फिरवला, खरखर गेली. मी घरी गंजाचा स्प्रे मारणार होतो म्हटल्यावर नुसते बघत राहिले माझ्याकडे. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, जुन्या पद्धतीचा अँप मात्र घरी उघडूसुद्धा नको म्हणाले, बंद केल्यावरही आत ३००-४०० व्होल्ट बसून असतात.

आणि प्लगवरून जे काय बोलले ते इथे लिहीत नाही. कीबोर्डबरोबर लावला की हम यायचा म्हणून मी वरची अर्थिंगची जाडी पिन काढून टाकलेली, हम कमी झाला होता हे खरं, पण मग एका कार्यक्रमात माइकला ओठ लागला आणि झिणझिण्या आल्या, तेव्हा मी माइकवाल्याला शिव्या घातल्या होत्या. काकांनी स्वतः नवा तीन पिनचा प्लग बसवला, पैसे न घेता.

घरी आणून लावला तर परत घूं. डोकं फिरलं, फोन केला. त्यांचा एकच प्रश्न, "आता सूर कुठला?" ऐकलं तर खालचा. "मग अँप सोड, घर बघ." वायरमनला बोलावला तर अर्थिंगचा खड्डा जांभ्यात, मे महिन्यात ठणठणीत कोरडा, मीठ कोळसा कधीचा धुऊन गेलेला. परत भरून चार बादल्या पाणी ओतलं आणि हम निम्म्याहून कमी झाला. उरलेला गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपचा, तो खिडकीकडे तोंड करून बसलं की दबतो. पंख्याचा जुना गोल रेग्युलेटर मधल्या स्पीडला बझ सोडतो तो वेगळाच, फुल स्पीडला जातो. वाजवत नसताना असला आवाज दाबणारं नॉइज गेट घेणार होतो, राहिलं.

तक्रारीही आहेत. चार दिवस सांगून बारा दिवस लावले, दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत, पावती मागितली तर हसले. ६५० रुपये घेतले, काढलेले कपॅसिटर पिशवीत घालून परत दिले. चार स्टार.

जाताना गिटार, केबल, अडॅप्टर सगळं न्या. नुसता अँप नेलात तर हातही लावत नाहीत, मला पहिल्या दिवशी तसंच पावसला परत पाठवलं होतं, तेही एसटीने, मांडीवर अँप घेऊन.