एडिनबर्गमधील भुतांची संध्याकाळ: पुलाखालची तळघरे, ग्रेफ्रायर्सची दफनभूमी की जमिनीखालचा बोळ?

स्कॉटलंडची राजधानी पाहायला निघालेली बहुतेक मराठी मंडळी किल्ला, रॉयल माइल आणि आर्थर्स सीटची टेकडी एवढे आधीच ठरवून जातात. संध्याकाळ मात्र मोकळी राहते आणि मग कोणीतरी ‘घोस्ट टूर’ सुचवते. सेंट जाइल्सच्या चर्चजवळ दुपारपासूनच काळे झगे घातलेले गाइड आणि तिकिटांचे फलक दिसू लागतात. सगळ्याच फलकांवर ‘सर्वांत भयानक’ आणि ‘सर्वांत झपाटलेले’ हे शब्द असल्यामुळे कोणती टूर नेमकी कशाची, हे नवख्या माणसाला कळत नाही. प्रत्यक्षात या टूर मुख्यतः तीन अगदी वेगळ्या जागी नेतात: साउथ ब्रिज या पुलाखालच्या दगडी तळघरांत, ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत आणि सिटी चेंबर्स या इमारतीखाली दडलेल्या मेरी किंग्ज क्लोज या बोळात. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. सप्टेंबर ते मार्च या काळात जाणाऱ्याने दफनभूमी निवडावी, एप्रिल ते ऑगस्टमध्ये जाणाऱ्याने तळघरे निवडावीत, आणि बरोबर शाळकरी मुले असतील किंवा भुतांपेक्षा इतिहासाची ओढ अधिक असेल तर ऋतू कोणताही असो, मेरी किंग्ज क्लोजला जावे.

ऋतूला एवढे महत्त्व देण्याचे कारण म्हणजे एडिनबर्ग बरेच उत्तरेला आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही आकाशात बराच वेळ उजेड रेंगाळतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र पावणेचारच्या आतच सूर्यास्त झालेला असतो. त्यामुळे जूनमध्ये रात्री साडेआठची दफनभूमीची टूर घेतली, तर ती लख्ख उजेडात होते. थडग्यांच्या पलीकडच्या हिरवळीवर लोक गप्पा मारत बसलेले असतात आणि गाइड कितीही चांगला असला तरी त्याच्या कथेला हवे ते वातावरण मिळत नाही. तळघरांत मात्र भर दुपारीही सूर्यप्रकाशाचा कण पोहोचत नाही. हा साधा फरक जाहिरातींत कुठेच सांगितलेला नसतो.

तळघरांची हकीकत अशी. जुन्या शहरातल्या हाय स्ट्रीटपासून दक्षिणेकडे जाण्यासाठी मधली काउगेटची खोल घळ ओलांडणारा साउथ ब्रिज १७८५ ते १७८८ या काळात बांधला गेला. त्याला १९ कमानी आहेत, पण दोन्ही बाजूंनी इमारती खेटून उभ्या राहिल्यामुळे आज त्यांतली फक्त काउगेटवरची एकच कमान रस्त्यावरून नीट दिसते. बाकीच्या कमानींच्या पोटात मजले घालून खोल्या केल्या गेल्या. तिथे चांभार, सुऱ्या-कात्र्या घडवणारे कारागीर आणि दारूचे व्यापारी आले. दुकानांचा माल साठवला जाऊ लागला. पुलाचे काम घाईने उरकलेले होते आणि वरून येणारे पाणी अडवण्याची नीट सोय केलेली नव्हती. त्यामुळे खोल्या गळू लागल्या, काही वर्षांतच व्यापारी माल घेऊन निघून गेले आणि ज्यांना शहरात दुसरीकडे कुठेच थारा नव्हता अशी माणसे त्यांच्या जागी राहू लागली. खिडकी नाही, वाहते पाणी नाही, मोरी नाही, उजेडासाठी माशाच्या तेलाचे दिवे, अशा अवस्थेत तिथे कुटुंबेच्या कुटुंबे राहिली. पुढे तळघरे दगडमातीने भरून टाकण्यात आली आणि लोक त्यांना विसरले. १९८० च्या दशकात स्कॉटलंडचे माजी रग्बीपटू नॉरी रोवन यांना तिथे जाणारा मार्ग सापडला आणि पुढच्या दशकात ती उपसून मोकळी करण्यात आली. राडारोड्यात कालवांचे ढीगभर शिंपले, मातीच्या चिलमी, औषधाच्या बाटल्या आणि मुलांची खेळणी मिळाली. त्या काळी कालवे हे गरिबांचे खाणे होते. माझ्या मते तळघरांच्या टूरमधली सर्वांत महत्त्वाची वस्तू हे शिंपलेच आहेत, कारण इथे राहिलेल्यांची नावे कुठल्याच वहीत फारशी सापडत नाहीत आणि त्यांच्या जेवणाचा एवढाच पुरावा आपल्यापुढे उरतो.

भुतांच्या बाबतीत इथे मोठे बूट वाजवत फिरणारा एक पुरुष आणि पाहुण्यांचा हात धरणारा एक लहान मुलगा यांच्या गोष्टी सांगितल्या जातात. त्या ऐकाव्यात, मेणबत्तीच्या उजेडात, ओल्या दगडाच्या वासात त्या ऐकताना अंगावर काटा येतो हे खरे आहे. मात्र या जागेची तपासणीही झालेली आहे, हे कमी लोकांना ठाऊक असते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दोनशेहून अधिक स्वयंसेवकांना, कोणत्या खोलीची काय ख्याती आहे हे न सांगता, या तळघरांत बसवले आणि त्यांना काय जाणवले ते लिहून घेतले. ज्या खोल्यांना झपाटलेले मानले जात होते, त्याच खोल्यांत लोकांना अधिक विचित्र अनुभव आले. त्याचबरोबर या अनुभवांचा संबंध खोलीची उंची आणि उजेडाचे प्रमाण अशा गोष्टींशी असल्याचेही दिसले. म्हणजे लोकांना काहीतरी जाणवते हे खोटे नाही आणि ते कशामुळे जाणवते याचा बराचसा माग जागेच्या रचनेत लागतो. जो गाइड हा प्रयोग सांगतो, त्याची टूर मी निःशंकपणे शिफारस करण्याजोगी मानतो. उलट, बर्क आणि हेअर या खुन्यांनी मारलेल्यांची प्रेते याच तळघरांत दडवली असे जो ठामपणे सांगतो त्याच्यापासून सावध राहावे, कारण त्याला पुरावा नाही.

तळघरांचे तोटेही स्पष्ट आहेत. आत गारवा आणि ओल उन्हाळ्यातही असते, जमीन उंचसखल आहे, जिने आहेत आणि काही खोल्यांत गट दाटीवाटीने उभा राहतो. बंद जागेची भीती वाटणाऱ्याने किंवा दम्याचा त्रास असलेल्याने इथे जाऊ नये. काही टूरमध्ये शेवटी अंधारातून कोणीतरी अचानक अंगावर धावून येते. आई-वडिलांना बरोबर नेणार असाल तर असा प्रकार आहे का, हे तिकीट काढण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

ग्रेफ्रायर्सचे स्वरूप याच्या अगदी उलट आहे. वर मोकळे आकाश, चारी बाजूंनी भिंती आणि त्या भिंतींना टेकून उभी असलेली कवट्या व हाडे कोरलेली सतराव्या शतकातली भव्य थडगी. १५६२ मध्ये राणी मेरीने ही जमीन दफनासाठी दिली. १६३८ मध्ये इथल्याच चर्चमध्ये ‘नॅशनल कव्हेनंट’ या प्रतिज्ञापत्रावर सह्या झाल्या. राजाने चर्चच्या उपासनेत ढवळाढवळ करू नये, अशी त्यामागची भूमिका होती आणि तिच्यासाठी पुढची पन्नास वर्षे स्कॉटलंडमध्ये रक्त सांडत राहिले. २२ जून १६७९ रोजी बॉथवेल ब्रिजच्या लढाईत या कव्हेनंटवाल्यांचा पराभव झाला. सुमारे १२०० कैद्यांना एडिनबर्गला आणून दफनभूमीला लागून असलेल्या मैदानात उघड्यावर डांबण्यात आले. काही जण शरणपत्रावर सही करून सुटले, काही तिथेच मेले आणि हिवाळ्याच्या तोंडावर उरलेल्या सुमारे अडीचशे जणांना वसाहतींत पाठवण्यासाठी ‘क्राउन ऑफ लंडन’ या जहाजावर चढवले गेले. डिसेंबरमध्ये ते जहाज ऑर्कनी बेटांजवळ फुटले आणि त्यांतले सुमारे दोनशे कैदी बुडाले.

या लोकांवर खटले चालवणारा मुख्य सरकारी वकील अर्थात लॉर्ड अॅडव्होकेट म्हणजे सर जॉर्ज मॅकेंझी. लोक त्याला ‘रक्तपिपासू मॅकेंझी’ म्हणत. १६९१ मध्ये तो वारला आणि त्याने ज्यांना छळले त्यांच्या मैदानापासून थोड्याच अंतरावर, घुमटाच्या गोल समाधीत त्याला पुरण्यात आले. एकाच भिंतीच्या आत छळणारा आणि छळले गेलेले असे एकत्र असल्यावर तिथे भुताची कथा निर्माण झाली नसती तरच नवल होते. १९९८ च्या सुमारास त्या समाधीजवळ लोकांना चक्कर येते, ओरखडे उठतात अशा तक्रारी सुरू झाल्या, कैद्यांना डांबलेल्या मैदानाचा, म्हणजे तुरुंगाचा, भाग कुलूपबंद झाला आणि १९९९ पासून ‘सिटी ऑफ द डेड’ ही टूर लोकांना कुलूप उघडून आत नेऊ लागली. आज दिसणारा हा भाग त्या मैदानाचा काही अंशच आहे. मधल्या काळात तिथे दोन्ही बाजूंना थडगी बांधली गेली. रात्री लोखंडी दरवाजा मागे बंद होतो आणि छत नसलेल्या, अरुंद आणि लांबट आवारातून गट एका काळोख्या समाधीत शिरतो, तो क्षण तिन्ही टूरमध्ये सर्वांत परिणामकारक आहे. याचे श्रेय भुतापेक्षा मी इतिहासाला देईन, कारण तोपर्यंत त्या कैद्यांविषयी ऐकलेले असते.

याच मॅकेंझीने वकिलांसाठी अॅडव्होकेट्स लायब्ररी उभी केली आणि तिच्यातूनच १९२५ मध्ये स्कॉटलंडचे राष्ट्रीय ग्रंथालय आकाराला आले. क्रूर सरकारी वकील आणि ग्रंथालयाचा संस्थापक हा एकच माणूस होता, हे सांगणारा गाइड मिळाला तर दफनभूमीची टूर तळघरांच्या कितीतरी पुढे जाते. मॅकेंझीला नुसता राक्षस करून सोडणारा गाइड मिळाला तर दोन्ही टूर सारख्याच.

जवळच लोखंडी पिंजऱ्यांसारख्या जाळ्यांनी झाकलेली थडगी आहेत. त्यांना ‘मॉर्टसेफ’ म्हणतात आणि ‘मुडदे बाहेर येऊ नयेत म्हणून हे पिंजरे’ अशी समजूत पर्यटकांत फार पसरली आहे. खरे कारण अधिक भयंकर आहे. शरीरशास्त्राच्या वर्गांना विच्छेदनासाठी प्रेते हवी असत, कायदेशीर मार्गाने ती पुरेशी मिळत नसत आणि म्हणून ताजी प्रेते रात्री उकरून विकली जात. ती चोरीला जाऊ नयेत म्हणून हे लोखंड. बर्क आणि हेअर यांनी तर उकरण्याचे कष्टही घेतले नाहीत. १८२८ मध्ये त्यांनी सोळा माणसांचे खून करून प्रेते डॉक्टर रॉबर्ट नॉक्स यांना विकली. जानेवारी १८२९ मध्ये बर्कला फाशी झाली, त्याच्याच देहाचे विच्छेदन झाले आणि त्याचा सांगाडा आजही एडिनबर्ग विद्यापीठाच्या शरीरशास्त्र संग्रहालयात आहे.

दफनभूमीच्या टूरचा मोठा तोटा म्हणजे हवामान. पाऊस पडला तरी टूर होते, वारा बोचरा असतो आणि दगडी पायवाटा निसरड्या होतात. जॅकेट आणि चांगल्या पकडीचे बूट नसतील तर पाऊण तासानंतर लक्ष गोष्टीवरून थंडीकडे जाते.

मेरी किंग्ज क्लोजकडे मी थोडक्यात वळतो, कारण ती मुळात भुतांची टूर नाही आणि तसे समजून जाणाऱ्यांची निराशा होते. सतराव्या शतकातल्या वेशभूषेतला गाइड जमिनीखालच्या घरांतून सुमारे तासभर फिरवतो. मेरी किंग ही १६३० च्या दशकात इथे राहणारी, कापडाचा व्यापार करणारी विधवा होती. १७५३ पासून वर रॉयल एक्स्चेंज (आजचे सिटी चेंबर्स) ही इमारत उभी राहू लागली, तिच्या पायासाठी बोळातल्या घरांचे वरचे मजले उतरवले गेले आणि खालचे मजले तसेच राहिले. १६४५ च्या प्लेगमध्ये रहिवाशांना भिंती बांधून जिवंत गाडले, ही प्रसिद्ध कथा खरी नाही. आजारी घरांना खाणे आणि कोळसा पोहोचवला जात असे. तिथला प्लेगचा डॉक्टर जॉर्ज रे याला नगरपालिकेने मोठा पगार कबूल केला होता, पण तो जगला आणि ठरलेल्या पैशांसाठी त्याला वर्षानुवर्षे भांडावे लागले. ही गोष्ट मला कुठल्याही भुतापेक्षा अधिक लक्षात राहण्यासारखी वाटते. एका खोलीत ॲनी नावाच्या मुलीच्या भुतासाठी पाहुण्यांनी ठेवलेल्या बाहुल्या आहेत. १९९२ मध्ये एका जपानी अतींद्रिय माध्यम स्त्रीने तिची बाहुली हरवल्याचे सांगितले, तेव्हापासूनची ही प्रथा. पाच वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो, जिने बरेच आहेत, पण गाइडचे सादरीकरण ठरीव आणि नीट बसवलेले असल्यामुळे मुले कंटाळत नाहीत आणि घाबरतही नाहीत.

काळ्या दुमजली बसमधून फिरवणारी विनोदी टूरही असते. गुडघे दुखत असतील आणि पाऊस असेल तर ती ठीक आहे, पण बसच्या खिडकीतून यांतली एकही जागा आतून दिसत नाही.

निवड करताना गाइड मृतांविषयी कसा बोलतो, याकडे लक्ष द्यावे असे मी आग्रहाने सांगेन. १५६३ ते १७३६ या काळात स्कॉटलंडमध्ये चेटूक हा देहदंडाचा गुन्हा होता, हजारो माणसांवर, त्यांतही मुख्यतः स्त्रियांवर, आरोप झाले, आणि मार्च २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या सरकारच्या तत्कालीन प्रमुख (फर्स्ट मिनिस्टर) निकोला स्टर्जन यांनी त्याबद्दल औपचारिक क्षमा मागितली. असे असताना काही टूरमध्ये अजूनही ‘चेटकिणींच्या छळाची अवजारे’ हसण्यासाठी दाखवली जातात आणि गटातल्या एखाद्याला पुढे ओढून खोटेखोटे फटके मारले जातात. टूरच्या वर्णनात छळाच्या अवजारांनाच मथळा दिला असेल, तर ती टूर मी टाळेन.

सेंट जाइल्सजवळच्या मर्कट क्रॉस या जुन्या बाजारस्तंभापासून तळघरांच्या बऱ्याच टूर निघतात. ऑगस्टमधल्या कला-फेस्टिव्हलच्या दिवसांत आणि हॅलोवीनच्या आठवड्यात आधी बुकिंग केल्याशिवाय जागा मिळणे कठीण असते. ग्रेफ्रायर्स दिवसा सर्वांना मोफत खुले असते. त्यामुळे ज्यांनी संध्याकाळसाठी तळघरे निवडली असतील त्यांनी दुपारी तासभर काढून दफनभूमी आणि मॉर्टसेफ पाहून घ्यावेत. मॅकेंझीची समाधी बाहेरून पाहता येते, आणि तुरुंगाचा बंद भाग फाटकाच्या गजांतून बराच आतपर्यंत दिसतो.