रामन टेस्टिंग: मशीन नाद खुळा, रिपोर्टचं मात्र बघून घ्या

एमएस्सी मायक्रोचं प्रोजेक्ट आहे, ई. कोलाय हा जिवाणू सर्सनं (म्हणजे चांदीच्या कणांवर केलेल्या रामन टेस्टिंगनं) ओळखता येतो का बघायचं होतं, म्हणून इथं कोल्हापुरातच पैसे भरून सॅम्पल लावून देणाऱ्या एका लॅबमध्ये तीन खेपा मारल्या. नाव घेत नाही.

रामन म्हणजे सॅम्पलवर लेसर मारायचा आणि रंग बदलून परत येणाऱ्या प्रकाशावरनं रेणू ओळखायचे. साधा रामन सिग्नल म्हणजे कोटीत एखादा फोटॉन (प्रकाशकण), त्यात जिवाणू काय दिसणार, पण चांदीच्या नॅनोकणांना चिकटला की तोच सिग्नल लाखो पटीनं वाढतो. 1974 ला खरबरीत केलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडीनचा सिग्नल जोरात आला, तिथनं ह्याची सुरुवात. घरी सांगितलं चांदीचं काम चाललंय, आईला वाटलं पोरगं हुपरीला लागलं कामाला.

पहिल्या खेपेला पेशी पीबीएसमध्ये (मिठाच्या बफर पाण्यात) धुऊन नेल्या. चांदीच्या कणांच्या पिवळट कोलॉइडमध्ये थेंब पडला की काळं होऊन सगळं तळाला! मिठानं कण गोळा होतात, थोडे झालेले चांगलेच, दोन कणांमधल्या फटीतच सिग्नल वाढतो, पण एवढे नव्हे. साध्या डिस्टिल्ड पाण्यात धुवून आणा एवढं बुकिंगलाच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या खेपेला ऑपरेटर पोरानं 785 नॅनोमीटरचा लेसर फुल पॉवरवर सोडला आणि म्हणतंय, "सर, दोन मस्त पीक आलेत." आलेखावर 1350 आणि 1580 ला (आकडे सेंटिमीटर इन्व्हर्समधले) दोन जाडजूड उंचवटे. अरे बाबा ते कार्बनचे, भाकरी करपली की! मायक्रोस्कोपमधनं बघितलं तर सॅम्पलवर काळा ठिपका. त्याचंपण बिल लावलं.

तिसऱ्यांदा मॅडम होत्या, त्या मात्र लई भारी. मशीन बरोबर मोजतंय का बघायला आधी सिलिकॉनचा 520 चा पीक तपासला, काचेऐवजी अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर थेंब वाळवला, पॉवर कमी केली, आणि 735 च्या आसपास असा टोकदार पीक आला की बास. नुसतं कोलॉइड आणि पेशी धुतलेलं नुसतं पाणी पण लावायला लावलं मी, हट्टानं. कोलॉइडमध्ये काही नाही, पण धुतलेल्या पाण्यात तोच पीक बारीक दिसला. म्हणजे तो अ‍ॅडेनीनसारख्या प्युरिनचा (डीएनएतल्या घटकांपैकी), उपाशी पेशी बाहेर टाकतात ते, आणि ते दुसरे जिवाणूपण टाकतात.

तरी रिपोर्टवर एका ओळीत 'ई. कोलाय कन्फर्म'. कशावरनं?

मशीनला पाच, मॅडमना पाच, रिपोर्टला दोन. जाणार असाल तर रॉ डेटाची फाइल मागून घ्या. माझा दुरुस्त रिपोर्ट अजून आलेला नाही.