पहिले घर, करसवलती आणि पंधराशे रुपयांचा सल्ला

पुण्याजवळच्या रावेत येथील बांधकाम सुरू असलेल्या सदनिकेचा करार नोंदवण्याच्या आठ दिवस आधी आम्ही पती-पत्नी नारायण पेठेतील एका कर सल्लागारांकडे गेलो. अभिप्रायात तक्रारीही असल्यामुळे त्यांचे नाव देत नाही. तासाभराच्या भेटीचे शुल्क 1,500 रुपये.

विक्री कार्यालयाने आम्हाला एक छापील तक्ता दिला होता. पहिले घर घेणाऱ्याला व्याजावर 2 लाख, मुद्दलावर 1.5 लाख आणि आणखी 1.5 लाख अशी वर्षाला 5 लाखांची वजावट मिळते, असे त्यात म्हटले होते. सल्लागारांनी आधी शेवटच्या ओळीवर काट मारली. ती कलम 80-ईईएची वजावट 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2022 या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच आहे. त्या वेळी कर्ज घेतलेल्यांना ती आजही मिळते, नव्या कर्जदाराला नाही. उरलेल्या दोन वजावटी पहिल्या घरासाठी म्हणून नाहीतच, त्या कोणत्याही गृहकर्जदाराच्या आहेत. शिवाय आमचा ताबा डिसेंबर 2027 मध्ये असल्याने तोपर्यंतच्या व्याजाची वजावट आज मागता येत नाही. ते व्याज बांधकाम पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच समान हप्त्यांत आणि त्याच 2 लाखांच्या मर्यादेत धरले जाते.

त्यानंतर त्यांनी आमच्या पगारपत्रकांकडे पाहून विचारले, "पण तुम्हाला कर लागतो कुठे?" आम्हा दोघांचेही वार्षिक उत्पन्न 12.75 लाखांच्या आत आहे. आर्थिक वर्ष 2025-26 पासून नव्या करप्रणालीत नोकरदाराला तेवढ्या पगारावर कर भरावा लागत नाही, आणि स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावटही त्या प्रणालीत नाही. तक्त्यातल्या 5 लाखांचा आम्हाला एका रुपयाचाही उपयोग नव्हता.

खरी बचत मुद्रांक शुल्कात निघाली. आमच्याकडे शुल्काचा दर 7 टक्के आहे. खरेदीदार केवळ स्त्री असेल तर तो 6 टक्के होतो. करारात पतीचेही नाव घातले की ही सवलत जाते. 43 लाखांच्या व्यवहारात हा फरक 43,000 रुपयांचा होता. दुसरी बाजूही त्यांनी मोकळेपणाने मांडली: जो मालक नाही त्याने कर्जाचा हप्ता भरला तरी त्याला वजावट मिळत नाही, पुढे पगार वाढून जुनी प्रणाली फायद्याची ठरली, तर दोघे मालक असल्यास प्रत्येकी 2 लाखांपर्यंत व्याज वजा करता आले असते. आम्ही हातातले 43,000 निवडले. करारात माझे नाव का नाही, हे माझ्या आईला समजावून सांगण्याचे काम मात्र त्या शुल्कात समाविष्ट नव्हते.

सर्वांत मोलाची सूचना त्यांनी उठता उठता केली. बांधकाम सुरू असलेल्या परवडणाऱ्या घरावर वस्तू व सेवा कर 1 टक्का आहे, पण त्यासाठी एकूण रक्कम 45 लाखांच्या आत हवी, आणि त्या रकमेत पार्किंगही धरले जाते. (चटई क्षेत्राची मर्यादा मुंबईत 60 चौरस मीटर असली तरी पुण्यात 90 आहे, त्यामुळे ती अडचण नव्हती.) आम्ही अडीच लाखांचे झाकलेले पार्किंग घेण्याच्या विचारात होतो. ते घेतले असते तर एकूण 45.50 लाख होऊन संपूर्ण रकमेवर 5 टक्के, म्हणजे 43,000 ऐवजी 2,27,500 रुपये कर बसला असता. पार्किंगचा विचार तेथेच सोडला.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या व्याज अनुदानासाठी कुटुंबाचे उत्पन्न 9 लाखांच्या आत आणि घर 35 लाखांपर्यंतचे असावे लागते, त्यामुळे तो विषय मिनिटभरात संपला.

आता तक्रारी. ठरलेल्या वेळेनंतर आम्हाला पाऊण तास जिन्यात उभे राहावे लागले. सगळा हिशेब त्यांनी आमच्याच तक्त्याच्या पाठीवर पेन्सिलीने केला. लेखी टिपण मागितले तेव्हा त्याचे वेगळे 500 रुपये सांगितले, आणि नंतरच्या दोन फोनना उत्तर आले नाही. जाणाऱ्यांनी लेखी टिपणाचे शुल्क सुरुवातीलाच ठरवून घ्यावे, आणि सल्लागारांकडे करार नोंदवण्यापूर्वी जावे. मुद्रांक शुल्क एकदा भरल्यावर त्यांच्या सल्ल्यातील निम्मा भाग निरुपयोगी आहे.