आपोआप वेबसाइट बनवणाऱ्या सेवा: डेव्हलपरच्या नजरेतून

आपोआप वेबसाइट बनवणाऱ्या सेवेला व्यवसायाचं नाव आणि दोन ओळींचं वर्णन दिलं की काही मिनिटांत मुखपृष्ठ तयार होतं. वर मोठा फोटो, खाली तीन चौकोन, मग अभिप्राय, शेवटी फॉर्म. ठरलेलाच साचा, आणि डेव्हलपर मंडळी हसतात ती आधी यालाच. पण साचा ठरलेला असणं हा फार मोठा दोष नाही, पैसे घेऊन हातानं बनवलेल्या कितीतरी साइटही अशाच दिसतात. खरी अडचण तयार पानात दुसरा बदल सांगितला की सुरू होते.

आपोआप साइट बनवून देण्याचं हे आश्वासन जुनंच. २०१४ मध्ये 'द ग्रिड' या सेवेनं स्वतःची रचना स्वतःच करणारी साइट देऊ म्हणून लोकांकडून आगाऊ पैसे घेतले होते. २०१६ मध्ये विक्स या साइट बनवण्याच्या सेवेनं एडीआय हे आपोआप रचना करणारं साधन आणलं, त्यात प्रश्नांची उत्तरं दिली की साइट उभी राहायची. आताच्या सेवा मजकूरही लिहून देतात, आणि पहिली तपासणी तिथेच करावी. न घडलेले अभिप्राय, '५००+ समाधानी ग्राहक' असे हवेतले आकडे, खोटे पत्ते हे सगळं पानात बेमालूम मिसळलेलं असतं. प्रकाशित करण्याआधी प्रत्येक आकडा आणि प्रत्येक अवतरण शोधून काढून टाका.

मग ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स उघडा. मथळ्यांचा क्रम बघा. अक्षर मोठं दिसावं म्हणून साध्या ओळीला एच-१, म्हणजे पानाच्या मुख्य मथळ्याची खूण, लावलेली असते, आणि एकाच पानावर तीन-तीन एच-१ सापडतात. बटण म्हणून दिसणारी गोष्ट प्रत्यक्षात क्लिक लावलेला डिव्ह, म्हणजे नुसता चौकोन, असते. माउस बाजूला ठेवून टॅब दाबत मेनूपासून फॉर्मच्या 'पाठवा'पर्यंत जाऊन बघा, अडकलात तर कीबोर्डवर किंवा स्क्रीन रीडरवर (पान वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर) अवलंबून असणारा माणूसही तिथेच अडकणार. फोटोवरच्या पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे मागच्या रंगाशी असलेला उजेडाचा फरक, ४.५:१ च्या खाली जाणं तर नेहमीचंच. साइट मराठी असेल तर एचटीएमएलच्या लँग गुणधर्मात (पानाची भाषा सांगणाऱ्या नोंदीत) मराठीसाठीचं 'एमआर' आहे का बघा. मथळ्यांना दिलेलं लेटर-स्पेसिंगही (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते. हे साचे रोमन लिपी समोर ठेवून बनलेले असल्यानं इथे हमखास घोळ होतो.

वेगासाठी लाइटहाउस हे क्रोममधलं तपासणीचं साधन मोबाइल मोडमध्ये चालवा. एलसीपी (पानातला सर्वात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत आणि सीएलएस (लोड होताना पान किती हलतं त्याचं माप) ०.१ च्या आत हवा. आयएनपीची (क्लिकनंतर पान प्रतिसाद द्यायला लावतं त्या वेळेची) मर्यादा २०० मिलिसेकंद, पण तो प्रत्यक्ष वापरातून मोजला जातो. लाइटहाउसमध्ये त्याऐवजी टीबीटी, म्हणजे पान अडून राहिलेला एकूण वेळ, बघावा लागतो. आकडे बिघडतात ते बहुधा दोन कारणांनी: वरचा मोठा फोटो लेझी-लोडवर (उशिरा लोड होण्यावर) टाकलेला असतो, किंवा साध्या माहितीच्या पानाबरोबरही सेवेचं स्वतःचं जाडजूड जावास्क्रिप्ट येतं. पहिलं दुरुस्त करता येतं. दुसऱ्याला, कोड हातात न देणाऱ्या बहुतेक सेवांमध्ये, इलाज नाही.

आता तो दुसरा बदल. 'मेनू उजवीकडे घे' म्हटल्यावर मेनू सरकतो खरा, पण ३६० पिक्सेल रुंदीवर तो लोगोवर चढतो. तो दुरुस्त करायला सांगितलं की खालच्या भागातलं अंतर बदलतं. म्हणून एका वेळी एकच बदल सांगा, प्रत्येक बदलानंतर आवृत्ती जतन करा आणि ३६०, ७६८ व १२८० या तिन्ही रुंदींवर पान बघा. आवृत्तीचा इतिहास न देणाऱ्या सेवेच्या वाटेला जाऊ नये.

व्ही-झिरो, बोल्ट, लव्हेबल या सेवा कोडच हातात देतात, त्यामुळे डेव्हलपरांचा त्यांच्याकडे ओढा जास्त. मात्र लॉगिन आणि डेटाबेस आला की इथला धोकाही मोठा. सुपाबेस या डेटाबेस सेवेची ॲनन की (सार्वजनिक किल्ली) ब्राउझरमध्ये उघड असणं अपेक्षितच आहे, राखण करायची ती रो लेव्हल सिक्युरिटीनं, म्हणजे कोणाला कुठली ओळ दिसावी हे ठरवणाऱ्या नियमांनी. ती बंद राहिली किंवा नियम ढिले लिहिले गेले, तर कोणालाही टेबल वाचता येतं, आणि स्क्रीनवर सगळं व्यवस्थितच दिसत राहतं. दोन खाती उघडा, डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमधून पहिल्याची विनंती कॉपी करा आणि दुसऱ्याच्या टोकननं (लॉगिनच्या ओळखखुणेनं) पाठवा. पहिल्याचा डेटा आला तर साइट तिथेच थांबवा.

बाहेर पडण्याची वाट पैसे भरण्याआधीच बघून ठेवावी. विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही, असं विक्स स्वतःच सांगतं. सेवा सोडताना मजकूर काढून नव्यानं बांधावं लागतं, आणि पानांच्या जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (कायमचं वळण) लावावे लागतात. त्यामुळे डोमेन (साइटचं नाव) वेगळ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, आपल्याच नावावर घ्या. नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलण्याआधी डीएनएसच्या, म्हणजे डोमेन कुठे जावं हे सांगणाऱ्या, सगळ्या नोंदी उतरवून ठेवा. ईमेल कुठे पोहोचवायचं हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदी नव्या जागी गेल्या नाहीत तर ईमेल बंद पडतं, आणि ते लक्षात येईपर्यंत पत्रं परत गेलेली असतात.

चार-पाच पानं, एक फॉर्म आणि क्वचित बदलणारा मजकूर एवढंच काम असेल तर या सेवा खुशाल वापराव्यात. डेव्हलपरनंही पहिल्या बैठकीत दाखवायचा कच्चा आराखडा यांच्याकडून करून घ्यावा, तासांचं काम वाचतं. शेकडो वस्तूंची सूची, अनेक भाषा किंवा सदस्यांची खाती असतील तर आराखड्यापुढे जाऊ नये. आणि काहीही बनवलं तरी फॉर्म दुसऱ्याच ईमेल पत्त्यानं भरून बघा. 'धन्यवाद' दिसलं म्हणजे मेल पोहोचलं असं नव्हे, स्पॅमचा फोल्डरही उघडा.